रोजगारवाढीचा आकडा आणि गव्हर्नरची उमेदवारी : टेक्सासच्या वादाचे एक वाचन

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहणारा उमेदवार एखाद्या राज्याचा गव्हर्नर असला, म्हणजे त्याच्या प्रचारात एक गोष्ट हमखास येते : माझ्या राज्यात मी इतके रोजगार निर्माण केले, आता देशातही करून दाखवीन. सिनेटरला असे म्हणता येत नाही. त्याने फार तर कायद्यांवर मते दिलेली असतात, भाषणे केलेली असतात. गव्हर्नरने प्रत्यक्ष राज्य चालवलेले असते आणि म्हणून त्याच्या शब्दाला मतदारांच्या लेखी निराळे वजन येते. १९७७ ते २००९ या बत्तीस वर्षांत अमेरिकेला जे पाच राष्ट्राध्यक्ष लाभले त्यांपैकी जिमी कार्टर, रोनाल्ड रेगन, बिल क्लिंटन आणि धाकटे जॉर्ज बुश हे चौघे पूर्वाश्रमीचे गव्हर्नरच होते.

हा दावा २०११ साली टेक्सासचे गव्हर्नर रिक पेरी यांनी मोठ्या ठामपणे मांडला. त्याची उलटतपासणीही तितक्याच बारकाईने झाली. पत्रकारांनी केली, अर्थतज्ज्ञांनी केली आणि त्यांच्याच पक्षातील प्रतिस्पर्ध्यांनी केली. या वादात खोटा आकडा जवळजवळ कोणीच सांगितला नाही. आकडे बहुतेक सगळे खरे होते आणि तरीही त्यांतून परस्परविरुद्ध निष्कर्ष निघत होते. हे कसे घडते ते समजून घेण्यासाठी प्रस्तुत लेख आहे. अर्थशास्त्र शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना यातील काही भाग परिचित वाटेल. परंतु वर्तमानपत्रातील आकडे घेऊन विद्यार्थी भाषेच्या तासालाही येतात, नागरिकशास्त्राच्याही आणि वाणिज्यच्याही. तेव्हा हा विषय एकाच विभागाच्या वाट्याचा नाही.

दोन शब्दांविषयी आधी

प्रथम 'गव्हर्नर'. अनुवादाच्या तासाला विद्यार्थी या शब्दापुढे डोळे मिटून 'राज्यपाल' लिहितात. आपला राज्यपाल राष्ट्रपतींनी नेमलेला असतो आणि कारभार मुख्यमंत्र्यांचा असतो. अमेरिकेतील गव्हर्नर थेट लोकांनी निवडलेला, राज्याच्या कारभाराचा प्रत्यक्ष प्रमुख असतो. कामाच्या दृष्टीने तो आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा. म्हणून येथे मूळ शब्दच ठेवला आहे.

दुसरा शब्द 'रोजगार'. हा फारसीतून आला. उर्दूत 'रोज़गार' म्हणजे उपजीविका, आणि काव्यात तर काळ, जमाना, जग असाही त्याचा अर्थ होतो. मराठीत तो आकसून 'मजुरी मिळवून देणारे काम' एवढाच राहिला. महाराष्ट्रात रोजगार हमी योजना आल्यानंतर तर त्याला रस्त्याच्या खडीचा आणि पाझर तलावाचा वास चिकटला. त्या योजनेत रोजगार मोजतात तो मनुष्यदिवसांत. इंग्रजीतला 'जॉब' मात्र मोजतात जागांमध्ये. 'दहा लाख जॉब' याचे 'दहा लाख रोजगार' असे भाषांतर आपण सहज करून मोकळे होतो. पण दहा लाख जागा, दहा लाख माणसे आणि दहा लाख माणसांची उपजीविका या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पुढचा सगळा वाद या फटीतूनच निघतो.

अमेरिकेत रोजगार मोजण्याच्या दोन प्रमुख पाहण्या आहेत. दोन्ही दर महिन्याला प्रसिद्ध होतात. एक आस्थापनांची : कारखाने, दुकाने, कार्यालये, शाळा यांच्याकडून पगारपटावर किती जण आहेत ते विचारतात. यात जागा मोजल्या जातात. सकाळी एका उपाहारगृहात आणि रात्री दुसऱ्या गोदामात काम करणारी बाई येथे दोनदा मोजली जाते. स्वतःचा धंदा करणारे आणि शेतीवर राबणारे यात येत नाहीत. दुसरी पाहणी घरांची : सुमारे साठ हजार कुटुंबांना प्रश्न विचारून ती होते. यात माणसे मोजली जातात. पाहणीच्या आठवड्यात मोबदला घेऊन एक तास जरी काम केले असेल तरी तो माणूस कामावर धरला जातो. बेकार कोण? ज्याला काम नाही आणि ज्याने मागील चार आठवड्यांत काम शोधले आहे, तो. शोधून शोधून थकलेला, घरी बसलेला माणूस बेकारांच्या संख्येत येत नाही. गव्हर्नरसाहेब आपल्या भाषणात बहुधा पहिल्या पाहणीचा आकडा सांगतात आणि विरोधक दुसऱ्या पाहणीतला बेकारीचा दर पुढे करतात. दोघेही सरकारी कागद दाखवत असतात.

टेक्सासचा दावा

रिक पेरी हे टेक्सासचे उपगव्हर्नर होते. डिसेंबर २००० मध्ये बुश राष्ट्राध्यक्ष होण्यासाठी राजीनामा देऊन गेले तेव्हा पेरी त्यांच्या जागी बसले. त्यानंतर २००२, २००६ आणि २०१० या तिन्ही निवडणुका त्यांनी जिंकल्या. १३ ऑगस्ट २०११ रोजी दक्षिण कॅरोलिनातील चार्ल्स्टन येथे त्यांनी रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवारीसाठी आपण मैदानात उतरत असल्याचे जाहीर केले. देशात त्या वेळी बेकारीचा दर ९ टक्क्यांच्या वर अडकून बसला होता. २००७ च्या डिसेंबरात सुरू झालेली मंदी कागदोपत्री जून २००९ मध्ये संपली होती. लोकांच्या घरात ती संपलेली नव्हती. अशा वेळी पेरी म्हणाले की, जून २००९ पासून अमेरिकेत जितके नवे रोजगार निर्माण झाले त्यांतील ४० टक्क्यांहून अधिक एकट्या टेक्सासात झाले, आणि टेक्सासची लोकसंख्या तर देशाच्या दहा टक्क्यांहूनही कमी आहे. पुढे त्यांनी आपल्या संपूर्ण कारकिर्दीचा हिशेबही दिला : टेक्सासात दहा लाख रोजगार वाढले, त्याच काळात उरलेल्या देशाने पंचवीस लाख गमावले.

यालाच 'टेक्सासचा चमत्कार' असे नाव पडले. चमत्कार हा शब्द राजकारणात आला की अध्यापकाने पेन्सिल हातात घ्यावी, असे माझे मत आहे.

चाळीस टक्के कशाचे?

हा आकडा निव्वळ वाढीचा आहे, म्हणजे मिळालेल्या जागांतून गेलेल्या जागा वजा करून उरलेल्या संख्येचा. निव्वळ संख्येवर टक्के काढले की काय होते ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा एका देशात तीनच राज्ये आहेत. पहिल्यात ४० जागा वाढल्या, दुसऱ्यात ६० वाढल्या, तिसऱ्यात ५० गेल्या. देशाची निव्वळ वाढ ५०. आता पहिल्या राज्याचा प्रमुख म्हणू शकतो की देशातील ८० टक्के नवे रोजगार माझ्या राज्यात झाले. दुसऱ्याचा प्रमुख म्हणू शकतो की माझ्याकडे १२० टक्के झाले. दोघेही गणिताने बरोबर. दोघांची बेरीज दोनशे टक्के! तिसऱ्या राज्यात आणखी थोड्या जागा गेल्या असत्या तर पहिल्याचा टक्का काहीही न करता आणखी फुगला असता. शेजाऱ्याचे घर जळाले की आपल्या घराचा 'वाटा' वाढतो, असा हा हिशेब आहे.

२०११ च्या उन्हाळ्यात अमेरिकेची स्थिती नेमकी अशीच होती. मंदीत ऐंशी लाखांहून अधिक जागा गेल्या होत्या. जून २००९ शी तुलना करता दोन वर्षांनंतरची देशाची निव्वळ वाढ अवघ्या काही लाखांची होती. टेक्सासची वाढ अडीच लाखांच्या आसपास. छोट्या भाजकामुळे टक्का मोठा दिसला. फक्त जागा वाढलेल्या राज्यांचीच बेरीज करून त्यातला टेक्सासचा हिस्सा काढला तर तो बराच खाली येतो. मात्र हेही लगेच सांगितले पाहिजे की त्या हिशेबानेही टेक्सास अग्रभागीच राहतो. अतिशयोक्ती टक्क्यात होती. वाढ खरीच होती. टीकाकारांपैकी काहींना हा दुसरा भाग सांगायचा विसर पडला.

माणसेही वाढली

२००० च्या जनगणनेत टेक्सासची लोकसंख्या २ कोटी ८ लाख ५० हजारांच्या घरात होती. २०१० मध्ये ती २ कोटी ५१ लाख ४५ हजारांवर गेली. दहा वर्षांत २०.६ टक्के वाढ. संपूर्ण देशाची वाढ ९.७ टक्के. म्हणजे ज्या काळात दहा लाख जागा वाढल्या त्याच सुमारास माणसे बेचाळीस लाखांहून अधिक वाढली. टेक्सासातील जागा टक्केवारीने अकराच्या आसपास वाढल्या, लोकसंख्या वीसच्या वर. अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमन यांनी पेरींच्या घोषणेनंतर लगेच 'न्यूयॉर्क टाइम्स'मधील आपल्या स्तंभात यावरच बोट ठेवले. जून २०११ मध्ये टेक्सासात बेकारी ८.२ टक्के होती. कॅलिफोर्निया, फ्लोरिडा यांच्यापेक्षा ती कमी. पण न्यूयॉर्कपेक्षा किंचित जास्त आणि मॅसॅच्युसेट्सपेक्षा बरीच जास्त. चमत्कार झाला असेल तर बेकार माणसाला त्याचा पत्ता कसा नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

येथे घाई करून पेरींचा दावा निकालात काढू नये. वाढलेल्या लोकसंख्येतील सुमारे निम्मी वाढ जन्मांमुळे होती आणि पाळण्यातले मूल नोकरी शोधत नाही. उरलेले लोक बाहेरून आले, अन्य राज्यांतून, मेक्सिकोतून आणि दूरदेशांहूनही. हैदराबादच्या कितीतरी घरांतील मुलगा किंवा जावई डॅलस-अर्विंगच्या परिसरात आहे. ह्यूस्टन आणि डॅलस येथे महाराष्ट्र मंडळेही आहेत. ही माणसे काम आहे म्हणून गेली की ती गेली म्हणून तेथे काम वाढले? नवा माणूस आला की त्याला घर लागते, किराणा लागतो, मुलांना शाळा लागते, केस कापायला न्हावी लागतो. यातून जागा निर्माण होतात. आणि जागा आहेत हे ऐकून पुढचा माणूस येतो. कार्य आणि कारण यांची ही गाठ कोणत्याही एका आकड्याने सुटत नाही. लोक तिकडे जात राहिले एवढे तरी टेक्सासच्या बाजूने म्हणता येईल. पायांनी दिलेले मत हेही मतच.

जागा कोणत्या, पगार किती

आकड्यात जागा दिसते, तिचा दर्जा दिसत नाही. २०१० साली टेक्सासात तासावर मजुरी घेणाऱ्या कामगारांपैकी ९.५ टक्के जण केंद्राने ठरवलेल्या ७.२५ डॉलर या किमान वेतनावर किंवा त्याखाली काम करत होते. मिसिसिपीबरोबर हे देशातील सर्वाधिक प्रमाण होते. संख्येत सांगायचे तर साडेपाच लाख माणसे. राज्यातील जवळजवळ दर चौथ्या माणसाकडे आरोग्यविमा नव्हता. अमेरिकेत विमा बहुधा नोकरीबरोबर येतो, म्हणून हा आकडा नोकऱ्यांच्या दर्जाविषयीही बोलतो.

पेरींच्या बाजूने सांगायचे तर, २००७ ते २००९ या काळात केंद्रानेच किमान वेतन ५.१५ वरून ७.२५ डॉलरवर नेले. रेषा वर सरकली की रेषेवर आणि रेषेखाली येणाऱ्यांची संख्या आपोआप वाढते, त्यांचा पगार वाढलेला असला तरीही. शिवाय टेक्सासात घरभाडे आणि घराच्या किमती न्यूयॉर्क किंवा कॅलिफोर्नियाच्या मानाने पुष्कळ कमी. तेथील आठ डॉलर आणि सॅन फ्रान्सिस्कोतील आठ डॉलर सारखे नव्हेत.

श्रेय कोणाचे

समजा वाढ खरी, आणि ती बऱ्यापैकी चांगलीही. ती गव्हर्नरने केली का?

पेरी यांचे उत्तर साधे होते : कमी कर, कमी नियम, कमी खटले. टेक्सासात व्यक्तीच्या उत्पन्नावर राज्याचा प्राप्तिकर नाही. कामगार संघटनेची वर्गणी सक्तीने घेता येत नाही. वैद्यकीय खटल्यांतील भरपाईवर २००३ साली मर्यादा आली. त्याच वर्षी राज्यात उद्योग आणण्यासाठी सरकारी निधीही उभारण्यात आला. बाजारावर सर्व सोडा असे म्हणणाऱ्या सरकारने कंपन्यांना रोख पैसे द्यावेत, यातील विसंगती त्यांच्याच पक्षातील काहींना खटकली होती. परंतु प्राप्तिकर नसणे ही काही पेरींची कामगिरी नव्हे. तो त्यांच्या आधीपासूनच नव्हता.

मग तेल. पेरींच्या कारकिर्दीत खनिज तेलाचे भाव एकदा (जुलै २००८) पिंपाला १४० डॉलरच्याही वर गेले. फोर्ट वर्थजवळच्या बार्नेट पट्ट्यात दगडाच्या थरांतून वायू काढण्याचे तंत्र यशस्वी झाले होते. २००८ नंतर दक्षिणेकडील ईगल फोर्ड पट्टाही हाती आला. भाव जागतिक बाजारात ठरले आणि दगड भूगर्भात आधीपासून होता. टेक्सासला याची दुसरी बाजूही ठाऊक होती. १९८६ साली तेलाचे भाव कोसळले तेव्हा याच राज्यात बँका धडाधड बुडाल्या होत्या आणि घरे ओस पडली होती.

घरांचा मुद्दा मला सर्वांत उद्बोधक वाटतो, कारण तो वादात फार कमी जणांनी नीट मांडला. २००८ च्या मंदीचे मूळ गृहकर्जांत होते. घराची किंमत वाढली की त्या वाढीवर आणखी कर्ज काढायचे आणि ते खर्च करायचे, ही सवय कॅलिफोर्निया, नेवाडा, फ्लोरिडा या राज्यांत शिगेला पोहोचली होती. टेक्सासच्या राज्यघटनेत अशा कर्जाला १९९७ पर्यंत जवळपास बंदीच होती. त्या वर्षी दुरुस्ती होऊन ते खुले झाले, तेही घरावरील एकूण कर्ज किमतीच्या ८० टक्क्यांपलीकडे जाता कामा नये या अटीवर. याचे मूळ एकोणिसाव्या शतकातील एका जुन्या विचारात आहे की, सावकाराने कुणब्याचे राहते घर गिळू नये. शिवाय जमीन मुबलक आणि बांधकामावरील निर्बंध सैल. ह्यूस्टन शहरात तर कोणत्या भागात काय बांधावे याचे विभाग ठरवणारा कायदाच नाही. मागणी वाढली की घरे वाढत, किमती नाहीत. फुगा मोठा झालाच नाही, म्हणून फुटल्यावर पडझडही कमी झाली. म्हणजे 'कमी नियम' असे ज्याचे वर्णन झाले त्या यशात कर्जावरील एका कडक नियमाचाही हात होता! सावकारीच्या हिशेबाबद्दल संवेदनशील असलेल्या आपल्या वाचकांना याचे विशेष वाटेल.

केंद्राचा पैसाही होताच. एल पासोजवळील फोर्ट ब्लिस आणि सॅन अँटोनिओ येथील लष्करी तळ २००५ च्या फेररचनेनंतर मोठे झाले. वॉशिंग्टनवर सडकून टीका करणाऱ्या या राज्याने २००९ मध्ये केंद्राच्या मंदीनिवारण निधीतील सुमारे सहा अब्ज डॉलर घेऊन आपल्या दोन वर्षांच्या अंदाजपत्रकाचे तोंड बांधले. बेकारभत्त्यासाठी देऊ केलेले ५५ कोटी ५० लाख डॉलर मात्र पेरींनी अटी मान्य नाहीत म्हणून नाकारले. नाकारल्याची बातमी घेतल्याच्या बातमीपेक्षा मोठी झाली.

सिमी व्हॅलीतील जुगलबंदी

७ सप्टेंबर २०११ रोजी कॅलिफोर्नियात सिमी व्हॅली येथील रेगन ग्रंथालयात रिपब्लिकन उमेदवारांची वादसभा झाली. पेरींचे मुख्य प्रतिस्पर्धी मिट रॉम्नी हे २००३ ते २००७ या काळात मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर होते. पेरींनी त्यांना चिमटा काढला की, मायकेल डुकाकिस यांनी तुमच्या तिप्पट वेगाने रोजगार निर्माण केले. रॉम्नींनी तत्काळ परतफेड केली की, जॉर्ज बुश आणि त्यांच्या आधीचे गव्हर्नर यांनीही तुमच्यापेक्षा अधिक वेगाने केले. आपल्याच पक्षाच्या माणसाला खिजवण्यासाठी डेमोक्रॅट डुकाकिस यांचे नाव काढावे, हा डाव मोठा बोचरा होता. रॉम्नींनी पुढे टेक्सासच्या सोयींची यादीच वाचली : प्राप्तिकर नाही, विधिमंडळ आणि न्यायालय रिपब्लिकन, तेल-वायू भरपूर. या चांगल्या गोष्टी आहेत, पण त्या पेरींनी घडवलेल्या नाहीत, एवढाच त्यांचा मुद्दा होता.

रॉम्नींची स्वतःची बाजू टेक्सासच्या बरोबर उलट होती. त्यांच्या कारकिर्दीत रोजगारवाढीत मॅसॅच्युसेट्सचा क्रमांक पन्नास राज्यांत ४७ वा लागला. तरीही बेकारीचा दर साडेपाच टक्क्यांच्या वरून पाचच्या खाली उतरला. जागा फारशा वाढल्या नाहीत आणि बेकारी घटली, हे कसे? काही लोक राज्य सोडून गेले, काहींनी काम शोधणे थांबवले. टेक्सासात जागा खूप वाढल्या आणि बेकारी देशाच्या सरासरीहून थोडीच कमी राहिली, कारण माणसे येतच होती. वर्गात हे दोन प्रसंग फळ्यावर शेजारी शेजारी मांडावेत. 'रोजगारवाढ' आणि 'बेकारीचा दर' या दोन मापांतील फरक समजावण्यास याहून सोपे उदाहरण मला सापडलेले नाही.

ज्या डुकाकिस यांचे नाव निघाले त्यांनीही १९८८ साली 'मॅसॅच्युसेट्सचा चमत्कार' हीच पुंजी घेऊन राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवली होती. ते १९७५ मध्ये पहिल्यांदा गव्हर्नर झाले तेव्हा राज्यात बेकारी ११ टक्क्यांच्या पुढे होती; १९८७ च्या सुमारास ती ३ टक्क्यांजवळ आली. बॉस्टनभोवतीच्या संगणक कंपन्या आणि रेगन यांच्या काळात वाढलेला संरक्षणखर्च ही त्यामागची मोठी कारणे होती. डुकाकिस हरले. संगणकांची ती पिढी मागे पडली, संरक्षणखर्च उतरला आणि १९९१ मध्ये राज्यातील बेकारी ९ टक्क्यांवर गेली. त्याचे अपश्रेयही तितकेच गव्हर्नरांच्या माथी मारले गेले.

शाळांचा हिशेब

या वादात आपल्या व्यवसायाचा संबंध येतो तो येथे. अमेरिकेतील बहुतेक राज्यांप्रमाणे टेक्सासलाही तुटीचे अंदाजपत्रक मांडता येत नाही. मंदीमुळे महसूल घटला, केंद्राची मदत संपली. पेरींनी उमेदवारी जाहीर करण्याच्या दोन-अडीच महिने आधी विधिमंडळाने पुढील दोन वर्षांसाठी शाळांच्या मूळ अनुदानात सुमारे ४ अब्ज डॉलरची कपात केली; अन्य शैक्षणिक अनुदाने धरली तर कपात ५ अब्जांच्या वर जाते. विद्यार्थी दर वर्षी वाढत होते. त्या वर्षी शिक्षकांच्या सुमारे दहा हजार जागा कमी झाल्या. मंदीच्या पहिल्या वर्षांत राज्यातील जागांची संख्या ज्यांनी टिकवून धरली त्यांत शाळा आणि स्थानिक संस्था यांचा वाटा मोठा होता, म्हणजे 'चमत्कारा'च्या बेरजेत हे शिक्षकही होते. शेकडो शाळा-मंडळे न्यायालयात गेली. कपातीचा मोठा भाग २०१३ मध्ये परत देण्यात आला, पण ज्या मुलांची दोन वर्षे गर्दीच्या वर्गात गेली ती त्यांना कोण परत देणार?

पेरी यांची उमेदवारी मात्र रोजगाराच्या आकड्यावर पडली नाही. ९ नोव्हेंबर २०११ च्या वादसभेत आपण केंद्राची कोणती तीन खाती बंद करू हे सांगताना त्यांना तिसरे खाते आठवलेच नाही. ते ऊर्जा खाते होते. जानेवारी २०१२ मध्ये त्यांनी माघार घेतली. २०१५ मध्ये पुन्हा प्रयत्न केला, तोही काही महिन्यांत आटोपला. त्याच वर्षी विस्कॉन्सिनचे गव्हर्नर स्कॉट वॉकर हेही उतरले होते. पहिल्या कारकिर्दीत अडीच लाख रोजगार देण्याचे त्यांचे वचन अपुरे राहिले होते आणि ते सप्टेंबरातच बाहेर पडले. पुढे पेरी २०१७ ते २०१९ या काळात मंत्री झाले, त्याच ऊर्जा खात्याचे.

टेक्सासचे काय झाले? २०१४ च्या मध्यानंतर तेलाचे भाव निम्म्यावर आले. ह्यूस्टनची वाढ मंदावली. पण १९८६ सारखी पडझड झाली नाही, कारण डॅलस आणि ऑस्टिन येथे तेलाशी संबंध नसलेले उद्योग उभे राहिले होते. सगळे काही तेलामुळेच, असे म्हणणाऱ्यांचाही अंदाज चुकला.

आपल्याकडील आकडे

भारतात २०१४ साली गुजरातचे मुख्यमंत्री पंतप्रधानपदाचे उमेदवार झाले तेव्हा राज्याच्या कामगिरीवर देशाचे नेतृत्व मागण्याचा हाच प्रकार आपणही पाहिला. वडोदऱ्यातील वाचकांना ती चर्चा आठवत असेल. फरक एवढा की, आपल्याकडे भांडायलाही पुरेसे आकडे नव्हते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या रोजगारविषयक मोठ्या फेऱ्या साधारण पाच वर्षांनी होत आणि शेवटची २०११-१२ ची होती. अमेरिकेत महिन्याचा आकडा हातात असतो. आपण जुना कागद घेऊन वाद घालत होतो. २०१७ पासून नियतकालिक श्रमबल पाहणी सुरू झाली तेव्हा ही उणीव काहीशी भरून निघाली. तिचा २०१७-१८ चा अहवाल मे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात बेकारी ६.१ टक्के निघाली.

एप्रिल २०१८ पासून भविष्यनिर्वाह निधीच्या नव्या खात्यांची संख्याही जाहीर होऊ लागली आणि वर्तमानपत्रे तिला 'नवे रोजगार' असा मथळा देऊ लागली. हा कायदा सर्वसाधारणपणे वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होतो. बेळगावातील एखाद्या यंत्रमाग कारखान्यात एकोणीस कामगार पंधरा वर्षे काम करत असतील आणि मालकाने विसावा माणूस घेतला, तर मालकाने कायदा पाळून सर्वांची खाती उघडली त्या महिन्यात त्या आकड्यात वीस जण नव्याने येतात.